दुसरी वाट आणि तिची नोंद



ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. शहापूरच्या माथ्यावर थळ घाट, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला कसारा घाट. मुरबाडच्या माथ्यावर माळशेज. पावसाळ्यात यांपैकी एखाद्या घाटात दरड कोसळली की काय होते, हे या भागातील माणसाला शिकवावे लागत नाही. जुन्नर-ओतूरकडून कल्याणच्या बाजारास निघालेला भाजीचा ट्रक माळशेजच्या तोंडाशी अडकतो आणि त्याला लांबचा वळसा घ्यावा लागतो. वळसा लांबचा खरा, परंतु तो रस्ता अस्तित्वात असतो आणि त्या रस्त्याने जाण्यास ट्रकला कोणी मज्जाव करीत नाही. म्हणून माल उशिरा का होईना, पोहोचतो.

इंटरनेटच्या बाबतीत या दुसऱ्या अटीचा नेमका विसर पडतो. दुसरी तार असणे ही एक गोष्ट आणि त्या तारेने जाण्यायेण्याची मुभा असणे ही निराळी गोष्ट. ही मुभा बहुतांशी एका नोंदवहीवर अवलंबून असते. तिला इंटरनेट राउटिंग रजिस्ट्री असे नाव आहे; मराठीत तिला मार्गनोंदवही म्हणता येईल.

तारेवर आलेला कारभार

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी इंटरनेट बंद पडले तर एखाद्या सायबर कॅफेपुरती गैरसोय होत असे. आज रास्त भाव दुकानात अंगठा लावल्याखेरीज धान्याची पावती निघत नाही. फेरफाराचे काम संगणकावर चालते. ग्रामपंचायतीचे नियोजन आणि हिशेब २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज या प्रणालीवर नोंदवावे लागतात. शाळेची माहिती, दाखले, आरोग्य केंद्राचे अहवाल या साऱ्यांची वाट एकच आहे. मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून गाजले आणि दुकानादुकानांतून कार्डाची यंत्रे बसली. रोकड नसली तरी व्यवहार चालतो हे धसईने दाखविले. परंतु असे यंत्र तारेशिवाय, निदान मोबाईलच्या मनोऱ्याशिवाय, चालत नाही; आणि मनोऱ्याच्या मागेही शेवटी कुठली तरी तारच असते.

दूरच्या ठाकूरपाड्यावरून किंवा कातकरीवाडीवरून डोंगर उतरून आलेल्या बाईला ‘आज लाईन नाही, उद्या ये’ असे सांगावे लागते, तेव्हा तिची एक मजुरी बुडते. हा हिशेब कोणत्याही बिलात दाखविला जात नाही.

शहापूरच्या तानसा, भातसा आणि मोडकसागर या जलाशयांचे पाणी मुंबईला जाते. इंटरनेट मात्र मुंबईहून शहापूरला येते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी ही सेवा सुरू केली तेव्हा ती मुंबई, दिल्ली अशा मोजक्या महानगरांपुरती होती. पुढे २०११ साली राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जालाची योजना मंजूर झाली, २०१५ साली तिला भारतनेट हे नाव मिळाले, आणि महाराष्ट्रात तिचा दुसरा टप्पा महानेट या नावाने हाती घेण्यात आला. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुधारित भारतनेट कार्यक्रमास मंजुरी दिली. तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंतची तार एकेरी न राहता कड्याच्या आकारात असावी, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने काम चालावे, असे त्यात ठरविण्यात आले. दुसऱ्या वाटेची गरज आता धोरणानेही मान्य केलेली आहे.

दवंडीचा कारभार

आता ही वाट चालते कशी ते पाहू. इंटरनेट हे एक जाल नसून हजारो स्वतंत्र जालांचे मिळून बनलेले आहे. अशा प्रत्येक स्वतंत्र जालाला एक क्रमांक असतो, त्याला ए.एस. क्रमांक म्हणतात. त्या जालातील संगणकांना पत्त्यांचे गट दिलेले असतात. भारतात हे क्रमांक आणि पत्ते देण्याचे काम इरिन ही नोंदणी व्यवस्था २०१२ पासून करीत आहे. २००३ साली स्थापन झालेल्या निक्सी या ना-नफा संस्थेचा तो एक विभाग होय. आशिया-प्रशांत प्रदेशासाठी हेच काम करणारी एपनिक ही संस्था ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे आहे.

जालांच्या सीमेवर राउटर नावाची यंत्रे असतात आणि ती एकमेकांना सतत दवंडी देत असतात: ‘अमुक पत्त्यांचा गट माझ्याकडून गाठता येईल.’ शेजारचे यंत्र ती ऐकते, लक्षात ठेवते आणि पुढच्यास सांगते. काही मिनिटांत ती जगभर पसरते. या पद्धतीस बी.जी.पी. म्हणतात. कर्क लॉघीड आणि याकोव्ह रेख्टर या दोघा अभियंत्यांनी १९८९ साली तिचा पहिला आराखडा जेवणाच्या टेबलावरील कागदी रुमालांवर मांडला, असे सांगतात. त्या काळी जालांचे चालक एकमेकांना नावानिशी ओळखत होते. दवंडी कोणाच्या हुकमाने निघाली हे विचारण्याची तरतूद त्या पद्धतीत नव्हती, आणि तिच्या मूळ रचनेत ती आजही नाही.

याची फळे जगाने भोगली आहेत. २५ एप्रिल १९९७ रोजी अमेरिकेतील एका लहान सेवादात्याच्या यंत्रातून जगातील असंख्य पत्त्यांची चुकीची दवंडी बाहेर पडली आणि इंटरनेटचा मोठा भाग काही तास विस्कळीत झाला. २४ फेब्रुवारी २००८ चे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. पाकिस्तानात यूट्यूब बंद करण्याचा आदेश निघाला होता. पाकिस्तान टेलिकॉमने आपल्या देशापुरती म्हणून जी खोटी वाट तयार केली, ती हाँगकाँगमधील वरच्या कंपनीमार्फत साऱ्या जगात गेली. यूट्यूबची स्वतःची दवंडी १,०२४ पत्त्यांच्या गटाची होती. पाकिस्तानातून निघालेली त्यातीलच २५६ पत्त्यांची होती. राउटरचा नियम असा की जो गट लहान आणि नेमका, त्याची वाट आधी धरावयाची. परिणामी जगभरचे प्रेक्षक पाकिस्तानच्या दिशेने जाऊ लागले आणि सुमारे सव्वादोन तास यूट्यूब अनेकांना दिसेना. चूक एका ठिकाणी झाली हे खरे. पण वरच्या कंपनीने ‘हे पत्ते तुमचे आहेत काय?’ एवढे ताडून पाहिले असते तर ती तेथेच थांबली असती. भारतही या चुकांपासून अलिप्त राहिलेला नाही. १६ एप्रिल २०२१ रोजी येथील एका मोठ्या दूरसंचार जालातून तीस हजारांहून अधिक गटांची चुकीची दवंडी गेली होती.

सातबारा आणि इतर अधिकार

ताडून पहावयाचे तर कशाशी? येथे मार्गनोंदवही येते. युरोपात या नोंदींची सुरुवात आधीच झाली होती. अमेरिकेत १९९५ च्या सुमारास मिशिगन राज्यातील मेरिट या संस्थेने सुरू केलेली नोंदवही आजही रॅडबी या नावाने चालू आहे. एपनिकसारख्या विभागीय संस्थांच्याही स्वतःच्या नोंदवह्या आहेत आणि त्या परस्परांच्या प्रती बाळगतात.

ग्रामीण कारभार जाणणाऱ्यांना यातील नोंदी परक्या वाटू नयेत. जमिनीचा मालक कोण हे गाव नमुना सातवर दिसते. शेतात जाण्याचा वहिवाटीचा रस्ता कोणाच्या बांधावरून आहे, हे त्याच उताऱ्याच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात असते. आणि हक्कात बदल झाला की नमुना सहावर फेरफार पडतो, मंडल अधिकारी तो प्रमाणित करतात. मार्गनोंदवहीतही ठळकपणे दोन नोंदी असतात. पहिली नोंद सांगते की अमुक पत्त्यांच्या गटाची दवंडी अमुक ए.एस. क्रमांकाचे जाल देईल; तिला राउट नोंद म्हणतात. दुसरी नोंद संचाची असते. एखाद्या मोठ्या कंपनीमागून कोणकोणती जाले येतात याची ती यादी असून तिला ए.एस. सेट म्हणतात. पहिली नोंद हक्काची, दुसरी वहिवाटीची. दुसरी तार घेणाऱ्यांच्या हातून बहुधा ही दुसरी नोंदच राहून जाते.

साम्य येथे संपते, हेही सांगितले पाहिजे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. मार्गनोंदवहीला असे कायद्याचे पाठबळ नाही. ती वाचावयाची की नाही हे प्रत्येक कंपनी ठरविते. तथापि मोठ्या कंपन्या ती वाचतात. त्यांची यंत्रे ठराविक काळाने, पुष्कळ ठिकाणी दिवसातून एकदा, नोंदवह्यांतून ग्राहकांची यादी काढून एक चाळणी तयार करतात. जी दवंडी चाळणीत बसत नाही ती ऐकलीच जात नाही. नकाराचे पत्र येत नाही, की घंटाही वाजत नाही.

शहापूर-मुरबाडचा नमुना

कल्पना करू की, शहापूर आणि मुरबाड या दोन्ही गावी ग्राहक असलेली एक लहान सेवादाता संस्था आहे. तिने इरिनकडून आपला ए.एस. क्रमांक घेतला आणि २५६ पत्त्यांचा गट घेतला. जुन्या, म्हणजे चौथ्या आवृत्तीच्या पत्त्यांचा याहून लहान गट जगाच्या बाजारात सहसा स्वीकारला जात नाही. शहापुरात तिला मुंबई-नाशिक महामार्गाच्या बाजूने एका कंपनीची तार मिळाली. दोन वर्षांनी मुरबाडमध्ये कल्याणच्या बाजूने दुसऱ्या कंपनीची तार मिळाली. शहापूर-मुरबाड-कर्जत-खोपोली रस्त्याच्या कडेने तिने आपली दोन्ही टोके जोडली. भूगोलाच्या दृष्टीने यापेक्षा चांगली रचना सुचविणे अवघड आहे.

पहिल्या जोडणीच्या वेळी कागदपत्रे रीतसर झाली. राउट नोंद झाली, पहिल्या कंपनीने आपल्या संचात या जालाचा क्रमांक घातला. दुसऱ्या जोडणीच्या वेळी तार आली, दिवा हिरवा झाला, वेग मोजून पाहिला तो ठीक निघाला, पहिले बिलही आले. मात्र दुसऱ्या कंपनीच्या संचात क्रमांक चढविण्याचे राहिले. दुसऱ्या कंपनीने स्वतः ही दवंडी ऐकली. परंतु तिच्याही वर ज्या मोठ्या कंपन्या आहेत त्यांच्या चाळणीत हा क्रमांक नसल्याने दवंडी तेथेच विरून गेली. यात दोष कोणाचा हे पुढे कागदोपत्री ठरेलही. परंतु पहिली तार चालू असेपर्यंत तो कोणाच्याच लक्षात येत नाही.

मग एके दिवशी आसनगावजवळ रस्त्याच्या कामावरील जेसीबीचा दात पहिल्या तारेवर पडतो. राउटर आपले कर्तव्य करतो आणि सारी वाहतूक मुरबाडच्या तारेवर वळवितो. बाहेर जाणारा निरोप जातो. उत्तर देणाऱ्याला मात्र परतीची वाट सापडत नाही, कारण जगाच्या दृष्टीने हे पत्ते फक्त पहिल्या कंपनीमागे होते आणि ती वाट आता नाहीशी झाली. पत्र पोहोचले, उत्तराच्या पाकिटावर टपालखात्याला ठाऊक असलेले गावच नाही, असा हा प्रकार. कचेरीत बसलेल्याला दिवा हिरवा दिसतो आणि रास्त भाव दुकानातील यंत्र मात्र फिरत राहते. घाईघाईने नोंद केली तरी वरच्या कंपन्यांची चाळणी नव्याने बनेपर्यंत वाट पहावी लागते. तोवर दुरुस्तीचे पथक तार जोडूनही टाकील.

पत्ते स्वतःचे नसून पहिल्या कंपनीकडून वापरावयास मिळालेले असतील तर अडचण अधिक असते. ज्याची जमीन त्याच्या संमतीवाचून दुसऱ्या बांधावरून वाट मागता येत नाही, त्याप्रमाणे पहिल्या कंपनीचे लेखी अधिकारपत्र आणि तिच्या हातची नोंद लागते. ही संमती करार करतेवेळी सहज मिळते. बिलावरून वाद सुरू झाल्यावर मागणे कठीण.

जुन्या नोंदी आणि सही

नोंद करणे जितके महत्त्वाचे तितकेच जुनी नोंद काढणे. कंपनी बदलली, पत्ते परत केले, संस्था बंद पडली, तरी नोंद वहीत राहते. मयताचे नाव उताऱ्यावर वर्षानुवर्षे राहिल्याने होणारे घोटाळे महसूल खात्याला नवीन नाहीत. शिवाय काही जुन्या नोंदवह्यांत दुसऱ्याच्या पत्त्यांवर कोणीही आपले नाव लिहू शके, एवढी ढिलाई होती. नोंदीला रखवालदार असतो, त्याची किल्ली असते. परंतु पहिली नोंद करणारा खरा हक्कदार आहे काय हे सर्वत्र तपासले जात नसे.

यावर उपाय म्हणून आर.पी.के.आय. ही पद्धती पुढे आली. तिचा आराखडा २०१२ साली प्रसिद्ध झाला. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आणि हाताने लिहिलेला उतारा यांत जो फरक, तोच येथे आहे. पत्ते ज्या संस्थेने दिले तिच्या साखळीतील सहीनेच हक्कदाराला सांगता येते की, या गटाची दवंडी अमुक क्रमांकाने द्यावी आणि किती लहान तुकड्यापर्यंत द्यावी. भारतातील सभासदांसाठी ही वाट इरिनमार्फत जाते. तथापि ही सही हक्काची आहे, वहिवाटीची नाही. कोणते जाल कोणत्या कंपनीमागून येते हे त्या सहीत नसते. त्यासाठी मार्गनोंदवहीतील संच लागतोच. ‘सही आहे, आता नोंदवही कशाला?’ असे म्हणणाऱ्या तज्ज्ञांचे मत म्हणूनच घाईचे वाटते. सहीतील तुकड्याची मर्यादा चुकली तर स्वतःचीच दवंडी खोटी ठरते, हाही अनुभव अनेक जालांनी घेतलेला आहे.

कचेरीने काय पहावे

प्रत्येक ग्रामपंचायतीने ए.एस. क्रमांक घ्यावा असा याचा अर्थ नाही. ज्या कचेरीतून केवळ बाहेरच्या प्रणाली वापरावयाच्या आहेत, तिला दोन साध्या जोडण्या आणि त्यांत आपोआप बदल करणारे लहान यंत्र पुरते. तेथे नोंदवहीचा संबंध येत नाही. परंतु जी संस्था स्वतःच्या पत्त्यांनिशी दोन कंपन्यांशी जोडली जाते, मग ती तालुक्यातील सेवादाता असो, सहकारी बँक असो वा महाविद्यालय, तिला ही नोंद चुकत नाही. आणि अशा सेवादात्याकडून जोडणी विकत घेणाऱ्या कचेरीला प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे.

निविदेत ‘दोन स्वतंत्र मार्ग’ असे शब्द असतात. त्यांचा अर्थ मागावा. दोन कंपन्यांच्या दोन तारा एकाच चरातून येत असतील तर त्या स्वतंत्र नव्हेत. शहापूर भागात महामार्ग आणि लोहमार्ग जवळजवळ चालतात, त्यामुळे हा धोका येथे विशेष आहे. तारेचा नकाशा मागावा. त्याबरोबरच राउट नोंदीची आणि दोन्ही कंपन्यांच्या संचातील नोंदीची छापील प्रत मागावी. या नोंदवह्या कोणासही पाहता येतात, त्यामुळे प्रत देण्यास सबब चालू नये. गावातील शाळेत संगणक शिकविणारे शिक्षक ती ताडून देऊ शकतील. त्यात इंग्रजीच्या आठ-दहा ओळींपलीकडे काही नसते.

कागद पाहिल्यावर प्रत्यक्ष चाचणी घ्यावी. सेवादात्यास आधी कळवून, कामकाजास फारसा अडथळा येणार नाही अशा वेळी, पहिली तार अर्धा तास मुद्दाम काढून ठेवावी. कचेरीतील संगणकावर पृष्ठ उघडते का एवढे पाहून थांबू नये. कल्याण किंवा नाशिक येथील सहकाऱ्यास दूरध्वनी करून, तिकडून येथील यंत्रापर्यंत पोहोचता येते का हे विचारावे. नंतर तोच प्रयोग दुसरी तार काढून करावा. चाचणीचे दिवस आणि वेळ नोंदवून त्यावर सेवादात्याची सही घ्यावी. हे सारे मे महिन्यात उरकावे. नोंदीत दुरुस्ती करावी लागलीच तर चाळणी नव्याने बनण्यास दिवस-दोन दिवस जातात, आणि दरडी कोसळू लागण्यापूर्वी ते हाताशी असतात.